अल्पसंख्याक ताण मोजायचा कसा? सीमाभागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यात पुरुषांकडे ओढा असलेल्या पुरुषांच्या मुलाखती घेणं, प्रश्नावल्या मराठीत आणणं आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना त्या वापरायला शिकवणं, हे माझं काही वर्षांचं काम. प्रश्न दोन्हीकडून येतात, उत्तरं देणाऱ्यांकडून आणि विचारणाऱ्यांकडून. इथे दोन्ही एकत्र घेतलेत. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही. लोक जिथे अडतात तिथे जास्त लिहिलंय.

अल्पसंख्याक ताण म्हणजे नेमकं काय?

रोजचा ताण सगळ्यांनाच असतो. यंत्रमागाला सूत नाही, फाउंड्रीत ओव्हरटाइम बंद, उसाचं बिल थकलंय. त्याच्यावर आणखी, आपण ज्या गटातले आहोत त्या गटाला समाज कमी लेखतो एवढ्याच कारणानं जो जादा भार पडतो, त्याला अल्पसंख्याक ताण म्हणतात.

सीमाभागातल्या मराठी माणसाला हे समजावायला मला फार वेळ लागत नाही. सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर, तोंड उघडायच्या आधी मनात एक हिशेब चालतो. कन्नडात विचारू की मराठीत? चुकलो तर हसतील काय? काम अडेल काय? साहेब अजून एक शब्द बोललेला नसतो, कदाचित तो तुमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलणाराही असेल. पण तुम्ही आधीच दमलेले असता. तो हिशेबच ताण आहे.

इलान मायर या अमेरिकी संशोधकानं १९९५ साली न्यूयॉर्कमधल्या ७४१ समलिंगी पुरुषांच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली आणि २००३ मध्ये तिला नीट आराखडा दिला. त्यात ताणाचे दोन थर आहेत. बाहेरचा थर म्हणजे मारहाण, शिवीगाळ, नोकरीवरून काढणं, घर भाड्यानं न देणं. आतला थर म्हणजे ‘आता कुणीतरी काहीतरी बोलणार’ ही सततची धास्ती, स्वतःला लपवणं, आणि समाज आपल्याबद्दल जे वाईट बोलतो ते स्वतःलाच खरं वाटायला लागणं. मित्र, साथीदार, आपल्यासारख्या माणसांची ओळख यांनी हा भार हलका होतो, हेही त्याच आराखड्यात आहे. मोजताना नेमकी ही बाजू विद्यार्थी विसरतात.

म्हणजे मराठी म्हणून होणारा त्रास आणि हा त्रास एकच?

नाही, आणि फरक घरात आहे. भाषेच्या वादात बाहेर मार खाऊन आलेल्या पोराची बाजू घ्यायला घरी माणसं असतात. आजोबा छप्पन्न सालापासूनच्या गोष्टी सांगतात, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायला गल्लीच्या गल्ली निघते. अन्याय सोसण्याची रीत, त्याच्यावर बोलण्याचे शब्द, सगळं वारशात मिळतं. पुरुष आवडणाऱ्या पुरुषाला हा वारसा नसतो. आईवडील त्याच्या गटातले नसतात. खिडकीपाशी करायचा तो हिशेब त्याला स्वतःच्या माजघरात, जेवणाच्या ताटावरही करावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच छापील प्रश्नावलीत नाही. आपल्या सीमाप्रश्नाच्या चळवळीची भाषा मर्दानी आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत लेझीम खेळून घाम गाळणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ‘बायल्या’ हा शब्द ऐकतो, तोही कालच्याच सोबत्यांकडून. ज्या गटानं एका बाबतीत आधार दिला त्याच गटाची दुसऱ्या बाबतीत भीती. हे मोजायचं असेल तर ‘तुम्हाला समाजाचा आधार आहे का?’ असा एक गोल प्रश्न कामाचा नाही. कुठल्या बाबतीत, कुणाचा, असं तोडून विचारावं लागतं.

त्रास भाषेमुळे झाला की लैंगिक कलामुळे, हे कसं ओळखणार?

डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रोजच्या भेदभावाची एक प्रश्नमाला मांडली. तिची चाल साधी आहे: आधी प्रसंग विचारायचा, कारण मागाहून. ‘समलिंगी म्हणून तुम्हाला वाईट वागवलं का?’ असं थेट विचारलं, तर कारण आपणच माणसाच्या तोंडात घालतो.

गेल्या पावसाळ्यात वडगावच्या एका विणकराची मुलाखत घेत होतो. दुकानात किंवा कार्यालयात इतरांपेक्षा कमी मान मिळाला, असं झालं का? तो लगेच ‘हो’ म्हणाला. कारण विचारल्यावर बोटं मोजायला लागला. ‘मराठी म्हणून असेल. बोलायची ढब बायकी म्हणून असेल. लुंगीवर गेलो होतो, म्हणूनबी असेल.’ मग थांबून म्हणाला, ‘तुम्हीच टिक करा की एक.’

मी टिक केली नाही. त्या पानावर ‘एकच कारण निवडा’ अशी सूचना होती, ती पुढे आम्ही काढून टाकली. आता लागू असतील तितकी कारणं खुणावायची आणि मुख्य वाटेल त्याला गोल करायचा. आकडेमोड अवघड होते, पण त्या माणसाचं आयुष्यच तसं आहे. जात, भाषा, चालण्याबोलण्याची ढब यांची गाठ सोडवून दाखवणारा कोणी भेटला, की मला आधी त्याच्या प्रश्नावलीचा संशय येतो.

मानसिक आरोग्य आकड्यात कसं येतं?

तयार मापं आहेत. उदासीनतेसाठी पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, २० पासून तीव्र लक्षणं धरतात. चिंतेसाठी जीएडी-७, सात प्रश्न, एकूण २१. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी, ४० पैकी ८ किंवा जास्त आले की लक्ष द्यायचं. दारूचं माप वगळू नका. आपल्याकडे अनेक पुरुष ‘उदास आहे’ असं कधी म्हणणार नाहीत, पण रोज संध्याकाळी क्वार्टर लागते हे सहज सांगतात.

ही मापं चाळणीची आहेत, निदानाची नव्हेत. १२ गुण आले म्हणजे डिप्रेशन आहे असं नसतं. डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी बोलावं, एवढाच त्याचा अर्थ. गुण काढून हातात चिठ्ठी देणारे उत्साही विद्यार्थी मी पाहिलेत. तसं करू नका.

प्रश्नावली मराठीत मिळते, मग अडचण कुठे?

अडचण मराठीतच आहे. पीएचक्यू-९ च्या पहिल्या प्रश्नाचं शब्दाला शब्द भाषांतर होतं ‘कामे करण्यात रस किंवा आनंद कमी वाटणे’. निपाणीच्या तंबाखू वखारीतला एक हमाल हसला. ‘पोती उचलण्यात आनंद कुणाला असतोय?’ त्यानं ‘जवळजवळ रोज’ला खूण केली आणि उदासीनतेचे ३ गुण त्याच्या नावावर चढले, जे त्याचे नव्हतेच. ‘पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता मन लागत नाही’ असं विचारलं, तर उत्तर वेगळं येतं.

सहावा प्रश्न त्याहून नाजूक. स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी आहोत किंवा घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटणं, हे सगळं त्या एकाच प्रश्नात आहे. तिशी ओलांडलेल्या, स्थळं नाकारत आलेल्या मुलाला ‘घरच्यांची मान खाली गेली’ हे शब्द दिसले, की बाकीचा प्रश्न तो वाचतच नाही. त्याचा ३ हा गुण आजाराचा की एकत्र कुटुंबाचा, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे पाहतो, नुसती बेरीज कधीच नाही.

मग शरीराची भाषा. इथली माणसं मनाचं दुखणं शरीरातून सांगतात: छातीत धडधड, डोकं जड, जेवण जात नाही, आणि सगळ्यांवर एकच उत्तर, ‘पित्त झालंय’.

कन्नडचा शेजारही विसरून चालत नाही. ‘बेजार’ हा एकच शब्द इथे दोन कामं करतो. मराठीत बेजार म्हणजे जेरीस आलेला, हैराण. कन्नडमधलं ‘बेजारु’ म्हणजे कंटाळा, खिन्नता, मन खट्टू होणं. चिकोडी-अथणीकडचा दोन्ही भाषा बोलणारा माणूस ‘लई बेजार झालंय’ म्हणतो, तेव्हा तो कुठल्या भाषेतला बेजार आहे ते विचारून घ्यावं लागतं. एकाच अभ्यासात मराठी आणि कन्नड दोन्ही प्रती वापरल्या, तर त्या एकच गोष्ट मोजतात हे आधी तपासायला हवं. नाहीतर कन्नडमध्ये उत्तरं देणारे जास्त उदास निघाले असा निष्कर्ष येईल आणि दोष निघेल एका शब्दाचा.

शब्द बदलायचे तर मनाला येईल तसे बदलता येत नाहीत. मराठीत आणा, मूळ प्रत न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या, दोन्ही ताडून पाहा, आणि मग चार-सहा जणांना प्रश्न मोठ्यानं वाचून ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारा. त्या शेवटच्या पायरीवर जेवढं हाती लागतं तेवढं आधीच्या तिन्हींवर मिळून लागत नाही.

गे, समलिंगी, एमएसएम, काय लिहायचं?

माणसाला विचारा. कॉलेजातली पोरं ‘गे’ म्हणतात. ‘समलिंगी’ पेपरात वाचलेला शब्द आहे, स्वतःसाठी तो वापरणारे कमी. ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, हा एचआयव्ही प्रकल्पांतून आलेला शब्द. तो वागणुकीचं वर्णन करतो, ओळखीचं नाही. प्रकल्पात जाणाऱ्यांत कोथी (बायकी ढबीचा), पंथी (त्याचा मर्दानी ढबीचा जोडीदार), डबल डेकर (संबंधात दोन्ही भूमिका घेणारा) हे शब्द चालतात. आणि पुष्कळ विवाहित पुरुषांकडे स्वतःसाठी शब्दच नसतो. म्हणून ओढा कुणाकडे वाटतो, संबंध कुणाशी येतात आणि स्वतःला काय म्हणवता, हे तीन वेगळे प्रश्न ठेवा.

‘लैंगिक अल्पसंख्याक’ हा शब्द मात्र पानावर नको. एकानं मला गंभीरपणे विचारलं होतं, ‘त्याचं सर्टिफिकेट तहसीलला मिळतं काय?’

सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या, स्त्रीवेशात राहणाऱ्या जोगप्पांना किंवा तृतीयपंथी व्यक्तींना या ‘पुरुषां’च्या यादीत घालू नका. एचआयव्हीच्या जुन्या पाहण्यांत त्यांना बरेचदा एकत्र मोजलं गेलं. तृतीयपंथीयांची वेगळी ओळख मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालानंतर तरी ती सवय सुटायला हवी. त्यांचा ताण वेगळा आहे, तो त्यांनाच विचारून वेगळा मोजावा.

लपवणं कसं मोजतात?

मोर आणि फासिंगर यांनी २००० साली यासाठी एक माप केलं. आई, वडील, भावंडं, कामावरचे लोक अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे १ ते ७ गुण. १ म्हणजे त्या व्यक्तीला नक्कीच माहीत नाही; ७ म्हणजे नक्की माहीत आहे आणि मोकळेपणानं बोलणं होतं. यातल्या मधल्या पायऱ्या आपल्याकडे सोन्यासारख्या आहेत: ‘माहीत असावं, पण विषय कधी निघत नाही.’ आपली निम्मी घरं त्या पायरीवर उभी आहेत. आईला ठाऊक असतं. तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक असतं. आणि दोघं मिळून कुंदा कुठल्या दुकानातला आणायचा यावर बोलतात.

या यादीत आपण भर घालावी: वहिनी, मामा, गल्लीतलं मंडळ. बायको असेल तर बायको.

लग्नाच्या दबावाचं माप कुठे आहे?

परदेशी मापांत ते जवळजवळ नाही, कारण तिथल्या तिशीतल्या पुरुषाकडे दर दिवाळीला स्थळांचे फोटो येत नाहीत. हे प्रश्न इथे नव्यानं घडवावे लागतात. गेल्या वर्षभरात किती वेळा विषय निघाला, कुणी काढला, जेवण किंवा बोलणं बंद झालं का, आईच्या तब्येतीचं कारण पुढे आलं का. झालेल्या प्रसंगांची संख्या विचारा. ‘दबाव वाटतो का’ याला सगळेच हो म्हणतात.

विवाहितांसाठी वेगळा भाग हवा. लग्न झाल्यावर घरचा दबाव शून्यावर येतो आणि लपवणं दुप्पट होतं. एकच बेरीज केली, तर तो माणूस कागदावर सुखी दिसतो.

स्वतःचाच तिरस्कार, हे कसं विचारतात?

मार्टिन आणि डीन यांचं नऊ प्रश्नांचं माप बरंच वापरलं जातं. त्यात एक आशय असा: पूर्णपणे स्त्रियांकडे आकर्षित होण्याची संधी कुणी दिली तर घ्याल का? खानापूरच्या एका शिक्षकानं उत्तर दिलं, ‘घेईन की. आईचं रडणं तरी थांबेल.’ मापाच्या हिशेबात हा तिरस्कार झाला. मला तरी त्यात आईवरची माया जास्त दिसली. हे माप मी वापरतो, पण प्रत्येक ‘हो’ पुढे ‘का?’ साठी एक ओळ मोकळी सोडतो.

माप बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं?

विद्यार्थी अल्फा सांगतात आणि थांबतात. क्रोनबाख यांचा १९५१ सालचा हा आकडा, ०.७ च्या वर गेला की लोक खूश. पण अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात. एकच प्रश्न दहा वेगळ्या शब्दांत विचारलात तरी अल्फा भरघोस येईल. काटा रोज किलोमागे शंभर ग्रॅम कमी दाखवत असेल, तर तो अत्यंत विश्वासू आहे आणि रोज चुकीचा आहे. खरं माप आहे का हे बघायला बाहेरचा पुरावा लागतो: ज्यांचे गुण जास्त त्यांची झोप, दारू, डॉक्टरकडच्या खेपा त्याच दिशेनं जातात का?

आणखी एक सापळा. लपवणं जास्त आणि उदासीनताही जास्त, असं एकाच दिवशीच्या पाहणीत दिसलं तर कशामुळे काय, हे सांगता येत नाही. उदास माणूस लोकांत मिसळत नाही, त्यामुळेही तो ‘लपलेला’ दिसतो. त्याच माणसांना सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा भेटलं तरच बाण कुठून कुठे जातो ते कळतं.

माणसं कुठून मिळतात?

सगळ्यात कच्चा दुवा हाच. संस्थेत येणाऱ्यांना विचारलं तर ज्यांना आधीच आधार आहे तेच मिळतात. डेटिंग ॲपवरून घेतलं तर शहरातले, इंग्रजी वाचणारे. हेकेथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सुरुवातीच्या काही जणांना मोजकी, बहुधा तीन, कुपनं देतात. ते आपल्या ओळखीतल्यांना आणतात, ते पुढच्यांना. प्रत्येकाच्या ओळखी किती हे विचारून नंतर आकडे तोलतात. पद्धत चांगली आहे, पण आपल्या तालुक्याच्या गावात कुपन आणणारा आणि कुपन देणारा एकमेकांचे चुलतभाऊ निघू शकतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातला लग्न झालेला शेतकरी तर कुठल्याच साखळीत येत नाही. अहवालात हे स्पष्ट लिहावं.

गुण जास्त आले म्हणजे समलैंगिकता आजार आहे ना?

नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी ती आजारांच्या यादीतून काढली. ती ‘बरी’ करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरचं वर्तन हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालामागोमाग राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं. कुणी शॉक, गोळ्या किंवा लग्न हा उपाय सांगितला, तर उठून बाहेर या.

कायदा बदलला, मग ताण उतरायला नको?

थोडा उतरतो. अमेरिकेत २००४-०५ च्या सुमारास ज्या राज्यांनी समलिंगी विवाहावर बंदी घातली, तिथल्या समलिंगी लोकांत मानसिक विकार वाढल्याचं हॅट्झेनब्युलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं. कायद्याचा वारा मनापर्यंत पोचतो. आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ पासूनचं संरक्षण २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतलं, ६ सप्टेंबर २०१८ ला परत दिलं, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाच्या हक्काला नकार मिळाला. पण मुलाखतीत ३७७ चं नाव फार कमी जण स्वतःहून काढतात. मामाचं नाव काढतात.

नवव्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर?

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं की पुढचे प्रश्न बंद. कागद बाजूला ठेवा, विचारा, ऐका, त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिलाय, आणि माहिती गुप्त ठेवण्याचाही. धारवाडच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दचकतात, म्हणून आधी साध्या समुपदेशनाबद्दल बोला. पुढे कुठे न्यायचं, कुणाला फोन करायचा, हे ठरल्याशिवाय हा प्रश्न कागदावर ठेवूच नये.

भाग घ्यायचाय, पण घरी कळलं तर?

नाव लिहू नका, सही करू नका. तोंडी संमती चालते, आणि ती नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घेणं संशोधकाचं काम आहे. घरातला फोन सगळे वापरत असतील तर लिंकवर उत्तरं भरू नका, समोर बसूनच द्या. कधीही उठून जायचा हक्क तुमचा आहे.

संशोधकांना एक सांगणं. येण्याजाण्याचे पैसे रोख द्या आणि पावती तुमच्याकडेच ठेवा. आमच्याकडून एकदा प्रकल्पाचं पूर्ण नाव छापलेली पावती एकाच्या शर्टाच्या खिशात गेली. सोमवारी धुणं भिजवताना ती बहिणीच्या हाती लागली. त्यानं सांगितलं, बँकेच्या पाहणीत भाग घेतला. बहिणीनं ती वाळवली, घडी घातली आणि एक अक्षर न बोलता त्याच्या पाकिटात परत ठेवली.